येळंबखेडचा आकडा

पहिला दगड वीज उपकेंद्राच्या कंट्रोल रूमच्या खिडकीतून आत आला तेव्हा लाहुडकर अकराच्या नोंदी लिहीत होते. काचा त्यांच्या पाठीवर सांडल्या. त्यांनी शर्ट झटकला, पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्या पॅनेलच्या मागं जाऊन उभ्या राहा. भिंतीला चिकटून. तुम्हाला कोणी काही करणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच बसतो. मी दिसलो नाही, तर मला शोधायला यार्डात शिरतील. यार्डात कोणी जायला नको."

बाहेर फाटक हलवल्याचा आवाज येत होता. पहारेकरी केव्हाच मागच्या कुंपणावरून उडी मारून पळाला होता. दुसरा दगड पॅनेलवर आपटला आणि एका मीटरची काच तडकली. मी भिंतीशी गेले. माझा लॅपटॉप टेबलावर उघडा राहिला.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मृणाल कारखानीस, कार्यालयातली सर्वात हुशार इंजिनीअर, असं वरिष्ठ मला तोंडावर म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. त्या वर्षी देशाच्या ग्रिडवर नजर ठेवणारी नवी यंत्रं आली होती. ती ज्या उपकेंद्रात बसवली तिथलं व्होल्टेज, तिथला प्रवाह सेकंदाला पंचवीस वेळा मोजून आमच्या पडद्यावर पाठवत. आमच्या विभागात उपकेंद्रं होती एकेचाळीस आणि यंत्रं मिळाली चौदा. ती चौदा कुठे बसवायची ते ठरवायचं काम माझं होतं. प्रत्येक ठिकाणी यंत्र लागत नाही. एका उपकेंद्रात मोजलं, की तिथून निघणाऱ्या लाइनीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते गणिताने काढता येतं. आठ महिने खपून मी अशी चौदा ठिकाणं शोधली होती, की एकेचाळीसपैकी एकही उपकेंद्र नजरेआड राहू नये. दिल्लीच्या बैठकीत माझ्या नकाशासाठी टाळ्या वाजल्या होत्या.

येळंबखेड त्या चौदांत नव्हतं. शेजारच्या उपकेंद्रांत यंत्रं होती, त्यामुळे येळंबखेडचे आकडे घरबसल्या निघत.

त्या दिवशी पहाटे पाच वाजता येळंबखेडच्या ऑपरेटरने, म्हणजे शेषराव लाहुडकरांनी, कुणालाही न विचारता उपकेंद्र बंद केलं. वादळात एका लाइनीचा मनोरा आधीच पडला होता. उरलेली एकच लाइन चालू होती, ती यांनी तोडली. मे महिना, तापमान सेहेचाळीस, आणि निम्मा तालुका अंधारात. आमचे विभागप्रमुख चिटणीस साहेब फोनवर ओरडून थकले. शेवटी त्यांनी मला जीपने पाठवलं. "त्याला तुझा पडदा दाखव," म्हणाले. "आकडे बघून तरी गप बसेल."

मी नऊला पोचले. लाहुडकर छप्पन्न वर्षांचे, काटकुळे, कानांवर पांढरे केस. त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग लॉगशीट समोर ठेवली.

यार्डात चिनीमातीचा माणसाच्या दुप्पट उंचीचा एक खांब असतो, सीव्हीटी म्हणतात त्याला. आत तेल असतं आणि एकावर एक रचलेले कपॅसिटर. त्याच्यावरून व्होल्टेज मोजलं जातं. तीन फेजला तीन खांब. लाइन तोडण्याआधीच्या शेवटच्या नोंदीत दोन खांब एकशे सत्तावीस केव्ही, म्हणजे किलोव्होल्ट, दाखवत होते आणि तिसरा एकशे चौतीस.

"मीटर खराब आहे," मी म्हणाले.

"मीटर मी दोनदा बदलून पाह्यलं, मॅडम. आकडा तोच येते. आणि मंगळवारपासून चढून राह्यला. त्याच्या आतमधी एकेक कपॅसिटर जाऊन राह्यला. अन् आवाज येते. तेल उकळल्यासारखा."

मी लॅपटॉप उघडून पडद्यावरचा लाइन बंद होण्याआधीचा आकडा दाखवला. तिन्ही फेज, एकशे सत्तावीस. "लाइनवर एवढंच व्होल्टेज आहे. जास्त नाहीच."

"लाइनवर नाई न," ते म्हणाले. "लाइन चांगलीच हाय. खांब खराब हाय. नवा खांब स्टोअरवरून निघाला. चार वाजेपर्यंत येते, सहा वाजेपर्यंत बसवतो. तवरोक थांबा."

आम्ही दोन तास वाद घालत होतो. ते आवाज न चढवता तेच तेच सांगत राहिले आणि मी आवाज चढवून तेच तेच. मग फाटकाशी गर्दी जमली.

फाटक पडलं तेव्हा जमीन हादरल्यासारखी वाटली. पन्नास-साठ माणसं आत आली. निम्मी बाहेर यार्डाच्या कुंपणाशी पांगली आणि पंधरा-वीस जण दार फोडून खोलीत घुसले. त्यांच्या पुढे एक उंच माणूस होता. पायात चप्पल नव्हती. बंडी घामाने अंगाला चिकटली होती. लाहुडकर त्याला ओळखत होते.

"सारंगधर," ते खुर्चीतून उठत म्हणाले, "बस. काय झालं ते सांग."

"दिनकर गेला," तो माणूस म्हणाला. सारंगधर अवचार त्याचं नाव. दिनकर त्याचा धाकटा भाऊ. फुप्फुसं निकामी झालेली, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होता. मशीन विजेवर चालायचं. "सकाळी सिलिंडर लावलं. ते साडेनऊला सरलं. माझ्या मांडीवर गेला तो, लाहुडकर. मासळीसारखा तोंड उघडून उघडून गेला. लाइन कोणं बंद केली?"

"मीच," लाहुडकर म्हणाले.

मागून कोणीतरी शिवी दिली. मला फक्त पाठी दिसत होत्या. एक लोखंडी सळई वर गेली आणि खाली आली, आणि लाहुडकर टेबलावर पडले. कोणी मारलं ते मला दिसलं नाही. टेबल उलटलं. मग सगळेच मारू लागले. चपला, लाथा, खुर्चीचा पाय. एकाने त्यांचे केस धरून तोंड फरशीवर आपटलं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. तो इतका लहान होता, की एवढ्या गोंधळात कसा ऐकू आला ते मला अजून समजत नाही.

"थांबा रे," सारंगधर म्हणाला, आणि लोक थांबले. त्याने लाहुडकरांना काखेत धरून भिंतीला टेकवून बसवलं. त्यांचा खालचा ओठ फाटला होता. "बंद काहून केली? सांग."

"सीव्हीटी फुटणार हाय." लाहुडकरांनी रक्त थुंकलं. "बाहेरचा तिसरा खांब. चालू केली अन् फुटला, तर आजूबाजूचा माणूस वाचत नाई. चार वाजता नवा येते, सारंगधर. तुझा भाऊ गेला, माही चूक झाली. तुमच्या घरी मशीन हाय हे मले मालूम असाले पायजे होतं. पण चारपर्यंत थांब."

"खोटं बोलते," मागचा एक माणूस म्हणाला. "ड्यूटीवर झोपते आन् बहाणे सांगते."

तेवढ्यात कोणीतरी मला पाहिलं. दोघांनी मला दंडाला धरून पुढे आणलं. सारंगधरने त्यांचे हात बाजूला केले. "मॅडमले हात लावू नका," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल होते, पण तो अगदी नीट बोलला. "तुम्ही मोठ्या ऑफिसातून आल्या. हा म्हणते खांब फुटणार हाय. खरं हाय का?"

लॅपटॉप फरशीवर पडला होता, तरी चालू होता. एकाने तो उचलून माझ्या हातात दिला. आकडे तसेच होते.

लाहुडकर माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत विनंती वगैरे काही नव्हती. ते फक्त वाट पाहत होते.

मी म्हणाले, "आमच्या यंत्रांवर इथं काहीही बिघाड दिसत नाही."

सारंगधरने पुन्हा विचारलं, "म्हणजे लाइन चालू करता येते?"

"येते."

त्यानंतर जे झालं ते आधीच्यासारखं नव्हतं. आधी ते चिडून मारत होते. आता ते खोटारड्याला मारत होते. सारंगधरने त्यांना अडवलं नाही. तो बाजूला सरकून भिंतीला टेकला. लाहुडकरांच्या उजव्या गुडघ्यावर सळई बसली आणि पाय भलत्याच बाजूला वळला. एका माणसाने त्यांचा हात फरशीवर दाबून धरला आणि दुसरा बुटाच्या टाचेने बोटं ठेचू लागला. "करते का चालू? करते का?" प्रत्येक घावाला तो विचारायचा. लाहुडकर मान हलवून नाही म्हणत होते. ते ओरडत नव्हते. घशातून नुसता हवेचा आवाज येत होता.

मी म्हणाले, "मी करते."

हॉटलाइनवर मी चिटणीस साहेबांची परवानगी घेतली. ती एका शब्दात मिळाली. मग समोरच्या उपकेंद्राला फोन केला आणि त्यांच्या टोकाकडून लाइन चालू करायला सांगितलं. पॅनेलपाशी गेले. ब्रेकरची मूठ हातात घेतली. कोणीही माझ्या अंगाला हात लावलेला नव्हता. मी मूठ फिरवली. बाहेर ब्रेकर धाडकन बसला, खोलीतला पंखा फिरू लागला, आणि यार्डाच्या कडेला लोकांनी आरोळी ठोकली. काही जण कुंपणाच्या फटीतून आत घुसून खांबांमधल्या खडीवर नाचायला लागले.

लाहुडकर कोपराने सरकत दारापाशी आले होते. त्यांनी डोकं वर केलं आणि ऐकलं.

"मॅडम," ते म्हणाले. तुटलेल्या दातांमुळे शब्द नीट येत नव्हते. "बंद करा. वाजून राह्यला तो."

मी पॅनेलकडे पाहिलं. तडकलेल्या काचेमागे तिसऱ्या फेजचा काटा एकशे एकेचाळीसवर होता आणि मी बघत असतानाच सरकत होता. मी हातातल्या पडद्याकडे पाहिलं. एकशे सत्तावीस. मी दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिले. मूठ माझ्यापासून दीड हातावर होती. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. वीस सेकंद असतील, तीस असतील.

लाहुडकर माझी वाट बघत थांबले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून ते एका पायावर उभे राहिले आणि पायरी उतरले. भिंतीला टेकत, कुंपणाच्या जाळीला लटकत ते यार्डात शिरले. "निघा," ते ओरडत होते. "बाहेर निघा रे. फुटते तो." लोक त्यांना हसत होते. एकाने त्यांच्यावर खडी भिरकावली. त्यांनी एकाला ढकललं, दुसऱ्याच्या शर्टाला धरून ओढलं. चार-पाच जण घाबरून खरंच बाजूला झाले.

सारंगधर त्यांना परत आणायला धावला. "लाहुडकर, मरशील," तो म्हणत होता. मी दारातून पाहत होते. लाहुडकरांनी त्याला येताना पाहिलं. ते वळले, आपलं सगळं वजन टाकून त्याच्यावर कोसळले, आणि दोघे केबलच्या काँक्रीटच्या चरात पडले. सारंगधर खाली आणि लाहुडकर वर.

मग तो खांब फुटला.

आवाजाची आठवण मला नाही. पांढरा उजेड आठवतो, आणि पाठोपाठ चिनीमातीचे तुकडे भिंतीत घुसत असल्याचा खडखडाट. जळतं तेल पाऊस पडावा तसं खाली आलं. खडीवर नाचणाऱ्यांपैकी एक जण उभ्या उभ्या पेटला आणि कुंपणाकडे पळत सुटला. जाळीला धडकून तिथेच राहिला. दुसऱ्याच्या छातीत हाताएवढा तुकडा रुतला होता. तो खाली बसून तुकडा उपसायचा प्रयत्न करत होता आणि एकदम थांबला. बाकीचे फाटकाकडे धावले. एकमेकांना तुडवत गेले. लाइन समोरच्या टोकाकडून आपोआप तुटली होती. पंखा बंद पडला होता.

मी चराकडे गेले. लाहुडकरांची पाठ कमरेपासून मानेपर्यंत उघडी पडली होती. मानेत एक तुकडा होता. त्यांच्या खालून सारंगधरचा हात हलत होता. मी आणि परत आलेल्या एका माणसाने लाहुडकरांना बाजूला केलं. सारंगधरच्या डाव्या डोळ्यात तुकडा गेला होता, बाकी तो शाबूत होता. उठून बसल्यावर त्याने लाहुडकरांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या सकाळी त्याच्या मांडीवर मेलेला तो दुसरा माणूस.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली, जिल्ह्याच्या विश्रामगृहात. तीन अधिकारी होते. आदल्या दिवशी चिटणीस साहेबांनी मला बोलावून एक टाइप केलेला कागद वाचून दाखवला. हिंसक जमावाने महिला अभियंत्याला पकडून जबरदस्तीने लाइन चालू करायला लावली. ऑपरेटरने अनधिकृतपणे पुरवठा बंद केल्यामुळे जमाव प्रक्षुब्ध झाला होता. "सगळं खरंच आहे," ते म्हणाले. "तू फक्त सही कर. तुझं आयुष्य पुढे पडलंय."

माझ्या आधी सारंगधरची साक्ष झाली. एका डोळ्यावर पट्टी होती. मला आतच बसवलं होतं, त्यामुळे मी सगळं ऐकलं. तो म्हणाला, मारणारे कोण होते ते ठाऊक नाही, बाहेरगावचे होते, मी सोडवत होतो. लाइन कोणी चालू केली, असं विचारल्यावर तो म्हणाला, "लोकायनं मॅडमचा हात धरला अन् फिरवला. त्यायचा काही दोष नाई." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाचवत होता, की मला वाचवलं म्हणजे आपणही वाचू असं त्याला वाटत होतं, कोण जाणे. तो बाहेर गेला.

मला विचारलं, "तुमचं म्हणणं असंच आहे ना?"

मी नाही म्हणाले. माझा हात कोणीही धरला नव्हता, हे सांगितलं. मूठ मी फिरवली. आणि लाहुडकर बंद करा म्हणाले तेव्हा ती उलटी फिरवायला वेळ होता.

मुख्य अधिकारी म्हणाले, "तुमच्या पडद्यावर बिघाड दिसत नव्हता. तुम्ही पडद्यावर विश्वास ठेवलात. यात तुमची चूक ती काय?"

तेव्हा मी ते सांगितलं, जे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. पडद्यावरचा येळंबखेडचा आकडा तिथे मोजलेला नव्हता. तो शेजाऱ्यांवरून काढलेला होता. पण लाहुडकर आपल्या मीटरचे आकडे रोज फॅक्सने पाठवत होते आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये ते भरले जात होते. मंगळवारी दीड केव्हीचा फरक आला. बुधवारी अडीचचा. प्रोग्रॅम रोज इशारा द्यायचा, की या उपकेंद्राचा आकडा गणिताशी जुळत नाही. गुरुवारी मी येळंबखेडच्या आकड्यापुढे 'चुकीचा, वगळा' अशी खूण केली. पुढच्या आठवड्यात दिल्लीची माणसं नकाशा पाहायला येणार होती आणि पडद्यावर एक लाल ठिपका मला नको होता. खूण केल्यावर ठिपका गेला. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी लाहुडकरांचे फॅक्स येत राहिले. मी ते पाहिले. रोज चढणारा फरक मीटरच्या बिघाडाने येत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत होतं. मी ते फायलीत लावले.

"आणि जमावाने विचारलं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाही माहीत होतं. मला वाटलं, मी वेगळं काही बोलले तर ते मला मारतील."

मग लिपिकाने विचारलं, की हे सगळं लिहून घ्यायचं का. मुख्य अधिकारी म्हणाले, "घ्या."

दोन तासांनी मी बाहेर आले. व्हरांड्यात बाकावर सारंगधर बसला होता. त्याच्या शेजारी लाहुडकरांची बायको होती, नऊवारी नेसलेली, मांडीवर डब्याची पिशवी. दार उघडंच होतं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

सारंगधर म्हणाला, "काहून सांगतलं? म्या तर तुमाले सोडवलं होतं."

"ते खोटं बोलत नव्हते," मी म्हणाले. "हे कुठंतरी लिहिलेलं असायला हवं."

तो पायांकडे पाहत बसला. त्याने पायात नव्या चपला घातल्या होत्या आणि त्या त्याला लागत असाव्यात. त्याने त्या काढून बाकाखाली सारल्या. मग त्या बाईंकडे न बघता तो म्हणाला, "वहिनी, पयली सळई म्या मारली. लोकायनं मंग मारलं. पयली माही."

बाईंनी डब्याची पिशवी घट्ट धरली. त्या म्हणाल्या, "मले काय सांगता. आतमधी जाऊन सांगा."

सारंगधर उठला. लिपिक दाराला कडी घालायच्या बेतात होता. सारंगधरने दारावर हात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, माही साक्ष खोटी हाय. मले परत घ्या आत."